साधा उपचार हलका नसतो



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो ते पेशानं शिक्षक होते. म्हणून आजचं व्याख्यान मी वर्गात मांडावं तसं मांडणार आहे. मुद्दे तीनच आहेत. तिन्हींमागे विचार एकच आहे, आणि तो आधीच सांगून टाकतो. आधुनिक वैद्यकातले काही सगळ्यात साधे दिसणारे उपचार सगळ्यात खोल विज्ञानातून आले आहेत. ते साधे आहेत म्हणून आपण त्यांना हलकं समजतो, आणि त्याची किंमत माणसं जिवानं मोजतात.

आजारी माणसाला भेटायला गेलं की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? ‘सलाईन लावलं का?’ दोन बाटल्या चढवल्या असं कळलं की आपल्याला बरं वाटतं. डॉक्टरांनी नीट लक्ष घातलं, असं वाटतं. आणि जुलाब झालेल्या लेकराला तपासून डॉक्टरांनी जलसंजीवनीच्या पुड्या हातात दिल्या, कशी पाजायची ते सांगितलं आणि घरी पाठवलं, तर? आजीचा चेहरा उतरतो. ‘नुसती पुडी?’ मग दुसऱ्या दवाखान्याचा शोध सुरू होतो, सुई मिळेपर्यंत. आज मला त्या ‘नुसती’वर बोलायचं आहे.

पहिला मुद्दा: साध्या पुडीमागे काय उभं आहे?

आपल्या आतड्यात रोज किती पाणी येतं? आपण पितो ते दोन लिटर धरा. पण लाळ, जठररस, पित्त आणि आतड्याचे स्वतःचे स्राव मिळून आणखी सहा-सात लिटर त्यात पडतात. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर पाणी लहान आतड्यात उतरतं, आणि शौचावाटे बाहेर जातं ते जेमतेम शे-दोनशे मिलिलिटर. उरलेलं सगळं आतडं परत रक्तात घेतं. तुम्ही इथं शांत बसून माझं बोलणं ऐकत आहात तेव्हाही हे काम चालू आहे. जुलाब म्हणजे ही देवघेव बिघडणं. पटकी, म्हणजे कॉलरा, म्हणजे ती पुरती कोसळणं. कॉलऱ्याच्या गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळी दगावतो. आपल्या गावोगावी मरीआईची देवळं आहेत, मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडण्याची रीत होती. त्यामागे हीच दहशत होती.

हे पाणी जातं कुठून? आतडं सडतं का? पुष्कळ काळ तसाच समज होता. 1959 साली कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी एक नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलऱ्याचे जंतू ज्या द्रवात वाढवले तो द्रव त्यांनी गाळला, त्यात एकही जंतू उरू दिला नाही, आणि तो सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला. आतडं पाण्यानं टम्म फुगलं. म्हणजे काम जंतूचं नव्हे, जंतूनं सोडलेल्या विषाचं होतं. पुढं उलगडलं की हे विष आतड्याच्या पेशींना क्षार सतत बाहेर टाकायला लावतं, आणि क्षारामागोमाग पाणी जातं. पेशी मात्र जिवंत असतात, धड असतात. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

पुढच्याच वर्षी, 1960 च्या ऑगस्टमध्ये, प्राग शहरातल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं आतड्यातून साखर आत कशी जाते याची कल्पना मांडली. आतड्याच्या पेशीवर ग्लुकोजसाठी एक खास वाट असते, पण त्या वाटेनं ग्लुकोज एकटं जाऊ शकत नाही. त्याच्यासोबत सोडियम, म्हणजे मिठातला एक घटक, असावाच लागतो. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची, तसं हे आहे. दोन्ही असल्या तरच दार उघडतं. आणि दोघं आत गेले की त्यांच्यामागून पाणीही आत ओढलं जातं.

आता कॉलऱ्याकडे परत या. विष पाणी बाहेर टाकायला लावतं. पण ही दुसरी वाट, साखर-मिठाची वाट, विषानं बंद होत नाही! रुग्णाला नुसतं पाणी पाजलं तर ते वाहून जातं. नुसतं मीठ घातलं तरी भागत नाही. नुसती साखर घातली तरी भागत नाही. पण साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र दिलं, तर मरणाच्या दारातलं आतडंही पाणी शोषून घेतं. 1968 साली ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांवर हे सिद्ध करून दाखवलं.

तरी डॉक्टरांना ते पटलं का? लगेच नाही. तोंडानं द्यायचं पाणी हे सलाईनची बरोबरी कसं करील, असं त्यांनाही वाटे. मग 1971 साल उजाडलं. बांगलादेशाचं युद्ध, सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगावमध्ये कॉलऱ्याची साथ पसरली. तिथल्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस पोचले तेव्हा माणसं जमिनीवर दाटीवाटीनं पडली होती. त्यांच्या मल-उलटीत गुडघे टेकून शिरा शोधायच्या आणि सलाईन लावायचं. एक-दोन दिवसांत उमगलं की सलाईनही पुरणार नाही आणि लावणारे हातही. तेव्हा त्यांनी निर्णय घेतला. एका लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पुड्या बांधल्या, पिंपात पाणी कालवलं, आणि पेले नातेवाइकांच्या हाती दिले. पाजा, आणि पाजत राहा. तिथं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत गेलं होतं. तीन हजारांहून अधिक रुग्णांवर हा उपचार झाला आणि ते प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या हाताला मर्यादा होती. आयांच्या, भावांच्या, मुलींच्या हातांना नव्हती. महालनबीस 2022 साली गेले, आणि 2023 साली देशानं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

मला सांगा, ही ‘नुसती पुडी’ आहे का? कोलकात्यातला ससा, प्रागमधली कल्पना, ढाक्यातले वॉर्ड आणि बनगावमधली जमीन, इतकं सगळं त्या पुडीत आहे.

इथं थोडं बाजूला जाऊन एक इशारा देतो. हे प्रमाणाचं शास्त्र आहे, अंदाजाचं नव्हे. 2002 साली जागतिक आरोग्य संघटनेनं मूळ मिश्रणातलं मीठ आणि साखर दोन्ही कमी केली, कारण तसं केल्यानं जुलाबाचं प्रमाण आणि उलट्या घटतात हे तपासून दिसलं. आजच्या मोठ्या पुडीत साडेवीस ग्रॅम भुकटी असते आणि ती पूर्ण एका लिटर पाण्यासाठीच असते. पेलाभर पाण्यात अर्धी पुडी अंदाजानं टाकली तर मीठ जास्त होऊन लेकराला अपाय होऊ शकतो. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पडून राहते आणि उलट पाणी बाहेर ओढते, जुलाब वाढतात. बाजारात गोड सरबतासारखी पेयं ‘ओआरएस’ हे जलसंजीवनीचं नाव मिरवत विकली जात होती. 2025 च्या ऑक्टोबरात देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ते नाव वापरण्यावर बंदी घातली. हे आधीच व्हायला हवं होतं. तेव्हा खोक्यावरचं चित्र पाहू नका, प्रमाण वाचा.

दुसरा मुद्दा: साधा उपचार सापडतो तो रुग्णाकडे टक लावून पाहिल्यानं.

आता बंगालमधून आपल्या कोकणात या. महाडजवळचं बिरवाडी, तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि तिथं 1970 च्या दशकात रुजू झालेले एक तरुण डॉक्टर, हिम्मतराव बावस्कर. कोकणातली जांभ्याची जमीन, कौलारू घरं, रचून ठेवलेली लाकडं, भाताचा पेंढा. यांत लाल विंचू राहतो. अंधारात हात घातला की डंख बसतो. मांत्रिकाकडे विंचू उतरवायला न्यायचं, तिथून उशिरा दवाखान्यात आणायचं, आणि धडधाकट माणूस एका रात्रीत मरायचा. दवाखान्यात आणूनही मरायचा. गंभीर रुग्णांपैकी तीस टक्क्यांहून अधिक दगावत.

उपचार नव्हते असं नाही. पुस्तकं होती, त्यांत स्टिरॉइड होती, अॅलर्जीची औषधं होती, अॅट्रोपिन होतं. ती देऊनही माणूस मरतो, तेव्हा दोन गोष्टी करता येतात. ‘नशीब’ म्हणून पुढं जायचं, नाहीतर खाटेजवळ बसायचं. बावस्कर बसले. रात्रभर नाडी, रक्तदाब, श्वास, सगळं लिहीत राहिले. त्यांना एक साखळी दिसली. आधी उलट्या. मग कपडे भिजून निथळतील इतका घाम. पुरुष असेल, मुलगा असेल तर लिंगाला न उतरणारी ताठरता. हातपाय बर्फासारखे गार. रक्तदाब चढलेला. आणि मग छाती भरून येते, धाप लागते, तोंडातून गुलाबी फेस येतो.

ही साखळी काय सांगत होती? विंचवाचं विष मज्जातंतूंची दारं उघडी ठेवतं, ते संदेश सोडतच राहतात, आणि शरीरात अॅड्रिनॅलिन आणि त्याच्या भावंडांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार. आवळलेल्या वाहिन्यांवर हृदय जोर लावत राहतं, थकतं, आणि पाणी फुप्फुसात साचतं. मृत्यू विषानं नव्हे, शरीराच्याच या वादळानं होतो. एकदा हे कळल्यावर औषध कोणतं हवं? आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं. असं एक औषध रक्तदाबासाठी बाजारात होतंच, प्राझोसिन. छोटी, स्वस्त, तोंडानं घ्यायची गोळी. 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी त्याबद्दल लिहिलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह महाडमध्ये ते काम त्यांनी चालू ठेवलं. 2011 साली त्यांनी प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषाची प्रतिलस दिली तर रुग्ण लवकर बरा होतो, हेही पडताळून दाखवलं. मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास आलं. 2022 साली डॉ. हिम्मतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या उपचारातलं एक वैशिष्ट्य मला फार आवडतं. गोळी किती वेळा द्यायची? तीन-तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. उपचार कुठं थांबवायचा हे सांगायला यंत्र लागत नाही. डॉक्टरांचा, नर्सचा, आईचा हात रुग्णाच्या पायावर ठेवला की कळतं. पण तो हात कुठं ठेवायचा आणि का ठेवायचा, हे कळायला खाटेजवळच्या कितीतरी रात्री खर्ची पडल्या होत्या. साधेपणा असा कमवावा लागतो.

तिसरा मुद्दा: साधा उपचार तेव्हाच जीव वाचवतो, जेव्हा तो विश्वासानं लोकांच्या हाती दिला जातो.

बांगलादेशात 1980 ते 1990 या दशकात ब्रॅक या संस्थेच्या बायका घरोघर गेल्या. मीठ, गूळ आणि पाणी कसं कालवायचं, हे त्यांनी एकेका आईला हातानं करून शिकवलं. एक कोटीहून अधिक घरांत. त्यात एक मोठी शहाणपणाची गोष्ट होती. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला किती घरं झाली यावर ठरत नसे. नंतर तपासणीला दुसरं कुणी जाई, आईला किती आठवतं आणि ती मिश्रण कसं करते ते पाही, आणि त्यावर मोबदला ठरे. ‘सांगितलं’ म्हणजे ‘समजलं’ नव्हे, हे शिक्षकांना तर सांगायलाच नको.

आणि आपल्याकडे? गडचिरोली. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 1986 साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. लहान मुलं न्यूमोनियानं मरत होती. न्यूमोनिया ओळखायचा कसा? एक्स-रेचं यंत्र गावात नाही. पण मूल एका मिनिटाला किती श्वास घेतं, ते मोजता येतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असेल, दोन महिने ते वर्षापर्यंतचं मूल पन्नास किंवा अधिक, वर्ष ते पाच वर्षांचं चाळीस किंवा अधिक, तर ते धोक्यात आहे. मोजायला न शिकलेल्या सुईणींसाठी त्यांनी मणी सरकवून श्वास मोजायचं साधन केलं. मिनिट संपेपर्यंत मणी कुठवर गेले ते पाहायचं. एवढंच!

पुढं नवजात बाळांसाठी त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाला पुसायचं, गुंडाळायचं, ऊब द्यायची, लगेच आईचं दूध, वजन, श्वास न घेणाऱ्या बाळाला मास्कमधून हवा, आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा. होय, इंजेक्शनसुद्धा! जिथं सुई लागते तिथं ती लागतेच, आणि ती गावातल्या बाईला नीट देता येते. 39 गावांत नवजात मृत्यू हजार जन्मांमागे 62 होते, ते 25 च्या आसपास आले. तुलनेसाठी ठेवलेल्या गावांत ते साठाच्या घरातच राहिले. 1999 साली ‘लॅन्सेट’नं हे छापलं. 2011 पासून आशाताई देशभर नवजात बाळांच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्याचं मूळ इथं आहे.

आता तुमच्या मनातला प्रश्न मीच विचारतो. मग मोठी हॉस्पिटलं नकोत का? सलाईन नको का? अतिदक्षता विभाग नकोत का? हवेत, आणि चांगले हवेत. 1832 साली स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांच्या शिरेत पहिल्यांदा क्षारयुक्त पाणी सोडलं, तोही मोठा क्षण होता. ज्याला गिळता येत नाही, जो बेशुद्धीकडे चालला आहे, ज्याची उलटी थांबतच नाही, त्याला शिरेतूनच पाणी लागतं, आणि तेही तातडीनं. माझं म्हणणं एवढंच, की सलाईन गरजेनुसार लागावं, समाधानासाठी नव्हे.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. हे गरिबांसाठीचं दुय्यम वैद्यक आहे का? श्रीमंताला यंत्र आणि गरिबाला पुडी? नाही, आणि हे ठासून सांगतो. जुलाब झालेल्या श्रीमंताच्या मुलाच्या आतड्यातही तीच साखर-मिठाची वाट आहे. पुडी त्यालाही तीच हवी. कॉर्पोरेट हॉस्पिटलातल्या बालरोगतज्ज्ञानंही तीच द्यायला हवी. खर्च कमी होतो हा तिचा गुण आहे, तिच्या दर्जाचं मोजमाप नव्हे.

आणि तिसरी गल्लत. साधा म्हणजे आजीबाईच्या बटव्यातला का? तसंही नाही. मी ज्या उपचारांबद्दल बोललो ते सगळे मोजून, तुलना करून, छापून, इतरांनी तपासून पक्के झाले आहेत. साधेपणाला विज्ञानाची कसोटी माफ नाही. उलट त्यालाच ती जास्त कडक लावावी लागते, कारण तो लाखो घरांत जाणार असतो.

मग आपला विश्वास का बसत नाही? एक कारण फार महत्त्वाचं आहे आणि ते कुणी सांगत नाही. जलसंजीवनीनं जुलाब लगेच थांबत नाहीत. ते काही दिवस चालूच राहतात. आई पाहते, ‘पाजतेय, तरी जुलाब आहेतच,’ आणि पाजणं सोडून देते. पण पुडीचं काम जुलाब थांबवणं नाही. जाणारं पाणी भरून काढून मूल जिवंत ठेवणं हे तिचं काम. जुलाब आपले आपण थांबतात. हे एक वाक्य डॉक्टरांनी दोन मिनिटं बसून सांगितलं तर किती फरक पडेल! त्या दोन मिनिटांना आपण फी द्यायला तयार आहोत का? सुईला देतो, समजावण्याला देत नाही. दोष एकट्या डॉक्टरांचा नाही, आपणही त्यांना तसं घडवलं आहे.

समारोप करतो. साध्या उपचारामागे खोल विज्ञान असतं. ते विज्ञान रुग्णाकडे नीट पाहण्यातून जन्मतं. आणि ते लोकांच्या हाती गेलं तरच जीव वाचतात. या तीन वाक्यांवरून चार कामं तुमच्याकडे मागतो.

घरात जलसंजीवनीच्या पुड्या ठेवा, आणि एक लिटरचं माप असलेलं भांडं ओळखून ठेवा. बाळाला चमच्याचमच्यानं पाजा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. आईचं दूध आणि जेवण बंद करू नका. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्या.

मुलाच्या जुलाबात झिंकच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तर जुलाब थांबल्यावर त्या सोडू नका, सांगितलेले दिवस पुरे करा.

मूल पीत नसेल, सुस्त पडलं असेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू मागं जात असेल, शौचात रक्त असेल, तर क्षणभर न थांबता दवाखाना गाठा. तिथं सलाईनची गरज दिसली, तर ते लागायलाच हवं.

आणि चौथं. डॉक्टरांनी ‘सुईची गरज नाही’ असं सांगितलं तर त्यांना ‘का’ विचारा, आणि ते समजावतील तेव्हा त्यांचे आभार माना. आशाताई दारात आली तर तिला बसवा, तिचं ऐका. गावच्या सभेत तिच्या मानधनाचा प्रश्न निघाला तर तिच्या बाजूनं उभे राहा. ती जे करते ते साधं आहे, म्हणूनच ते मोलाचं आहे.